कौलावर १८६५ आहे, म्हणून आमचं चर्च १८६५ चं?

जांभाचिरा (रविवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो. आज पहिला धागा काढतोय, कारण घाई आहे.

आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. नाव मुद्दाम लिहीत नाही. कमिटीतले दोघंतिघं इथे वाचतात आणि मला नाताळला गावात तोंड दाखवायचंय. बाजारपेठ संपून कोळीवाड्याकडे उतार लागतो तिथे डाव्या हाताला आमचं मेथडिस्ट चर्च. मनोरा वगैरे काही नाही. जांभ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, पुढे पडवी, आत पंधरा बाकं. लांबून मराठी शाळा वाटते, आणि बरीच वर्षं सोमवार ते शनिवार ती शाळाच होती. आजी 'चर्चला जाते' असं कधी म्हणाली नाही. 'देवळात जाऊन येते' म्हणायची.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत समुद्राकडचं अर्धं छप्पर गेलं. त्या पावसाळ्यात पत्रे कसे मिळत होते ते किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. शेवटी पत्रे चढले, धड उरलेली कौलं मागे विहिरीजवळ रचून ठेवली. यंदा मे महिन्यात ती हलवताना पोरांनी एक कौल पालथं केलं, तर पाठीवर इंग्रजीत ठसा: बासेल मिशन टाईल वर्क्स, मँगलोर. आणि १८६५.

झालं! मिशन म्हणजे मिशन आणि १८६५ म्हणजे स्थापना. पंच कमिटीने ठराव केला: या नाताळात १६० वा वर्धापनदिन, बिशपसाहेबांना आमंत्रण, आणि रंगाऱ्याला पाटी, 'स्थापना १८६५'. पत्रिका छापायला जाणार आहेत.

मला ते पटत नाही, पण हातात काही नाही. पाळकसाहेब दीड वर्षापूर्वी बदलून आलेत. आमच्यात पाळकांच्या बदल्या बिशप करतात, तीन-चार वर्षांनी माणूस हलतो, त्यामुळे गावचा इतिहास पाळकाला सांगायचा असतो, पाळकाकडून ऐकायचा नसतो. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकर-द्राक्षरस घेतात त्या विधीचा, एक जुना पेला आहे, त्यावर इंग्रजी 'एम. ई.' अशी दोन अक्षरं आहेत. बाप्तिस्म्याची एक जुनी वही मावशीच्या ट्रंकेत आहे, पण ती मोडीत आहे आणि अर्धी वाळवीने खाल्लीय. कुणी मार्ग दाखवेल का?

कौलारू (रविवार, रात्री १०:५०)

पत्रिका थांबवा आधी.

माझा धंदा जुनी घरं उतरवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा. १८६५ हे साल बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो ते त्यांचंच. साच्यात ते साल कोरलेलं, मग कौल त्यानंतर कितीही वर्षांनी पाडलेलं असो. माझ्या आजोळच्या गोठ्यावरही १८६५ आहे. त्या हिशोबाने आमच्या म्हशी हेरिटेज.

पण कौल अगदीच मुकं नाही. बासेल मिशन स्विस-जर्मन. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले, पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि ठसा बदलला. म्हणजे 'बासेल मिशन' ठशाचं कौल साधारण त्या युद्धाच्या आधीचं धरायला हरकत नाही. ही कौलं मंगळुराहून गलबतांनी आपल्या बंदरांत उतरायची, म्हणून किनाऱ्यावर मुबलक आणि घाटावर कमी.

तरी एक लक्षात ठेवा. कोकणात कौल एका जन्मात तीन घरं बघतं. कुणाचा वाडा उतरला की त्याची कौलं दुसऱ्याच्या पडवीवर. तुमच्या चर्चवरची सेकंडहँड नसतील कशावरून?

तळटीप (सोमवार, सकाळी ७:३०)

कौलारू यांच्याशी सहमत. शिवाय १८६५ मध्ये मुंबई इलाख्यात मेथडिस्ट होतेच कुठे?

अमेरिकन मेथडिस्टांचे काम हिंदुस्थानात १८५६ मध्ये सुरू झाले ते उत्तरेत, विल्यम बटलर यांनी, बरेलीला. मुंबईला ते आले विल्यम टेलर यांच्याबरोबर. हे गृहस्थ कॅलिफोर्नियात सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभे राहून प्रवचने देत. १८७० च्या अखेरीस ते हिंदुस्थानात पोचले, १८७१ मध्ये मुंबईत आले आणि १८७२ मध्ये मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. तिच्यात लगेच सामील झालेले जॉर्ज बोवेन १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार नाकारून गरीब वस्तीत खोली घेऊन राहिलेला हा माणूस १८८८ मध्ये मुंबईतच वारला. कुलाब्याकडचे बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे.

तेव्हा १८७२ च्या आधी तुमचे चर्च निदान मेथडिस्ट तरी असू शकत नाही.

आता पेला. 'एम. ई.' म्हणजे मेथडिस्ट एपिस्कोपल. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या तीन मेथडिस्ट शाखा एक झाल्या आणि नावातले 'एपिस्कोपल' गळाले. पुढे इकडे 'मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया' हे नाव चालले, आणि ७ जानेवारी १९८१ पासून स्वायत्त 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया'. म्हणजे पेला १९३९ च्या आधीचा. जुन्या पावत्या, शिक्के, बाकांच्या पाठी बघा. नावावरून काळ लावता येतो.

बाणकोट लाँच (सोमवार, सकाळी ११:०५)

कोकणातल्या मिशनबद्दल बोलताय आणि बाणकोट-हर्णैचं नाव नाही? स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक १८२३ मध्येच इकडे उतरले होते. पुढे विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन १८२९ मध्ये बायकोसकट मुंबईला आले, ते मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले. म्हणजे स्कॉटिश पंडिताची मराठी आमच्या हर्णैच्या बंदरावर घडलीय, पुण्यात नाही. (पुणेकरांनी हलके घ्यावे.)

दापोलीला कॅम्पातलं पडकं चर्च अजून उभं आहे, भिंतींतून झाडं आलीयत. ते गोऱ्या पलटणीचं. तिथल्या मिशनच्या शाळेत भारतरत्न पां. वा. काणे शिकले, साने गुरुजी शिकले. खाली वेंगुर्ला-रत्नागिरीकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन. वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा मुलगा तिथेच १९१९ मध्ये जन्मला, तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला, रॉबर्ट गोहीन.

सांगायचा मुद्दा, मिशनांनी इलाखे आपापसात वाटून घेतले होते. मेथडिस्ट उशिरा आले तोवर किनाऱ्याच्या बऱ्याच जागा भरलेल्या. त्यांचं मराठीतलं काम मुंबई, पुणे आणि रेल्वेच्या कडेकडेने वाढलं. मग तुमच्या गावात, जिथे आजही रेल्वे नाही, मेथडिस्ट आले कसे? साल नंतर बघू, खरं कोडं हे आहे.

खडा मसाला (सोमवार, दुपारी १:४०)

कोडं कसलं त्यात? तांदळाची गोणी दाखवली की लोक कुठेही जातात. साहेब आला, तांदूळ वाटले, चर्च झालं. इतिहास संपला.

शेवग्याची शेंग (सोमवार, दुपारी ३:१५)

ख.म., तुम्ही दर धाग्यावर हेच लिहिता.

जांभाचिरा, तुमचं गाव मी ओळखलं. सांगणार नाही. मी पेठेतली, विठ्ठल मंदिराच्या शेजारची. पाचवीपर्यंत त्याच पडवीत शिकले, तेव्हा एक प्रतिसाद तो बनता है. फळ्याच्या वर येशूचं चित्र होतं, मेंढरू खांद्यावर घेतलेलं, आणि आम्ही चौथीपर्यंत त्याला कृष्ण समजत होतो. बाईंनी कधी दुरुस्त केलं नाही.

दिवाळीत आमच्याकडून ताट जायचं, नाताळात तुमच्याकडून यायचं. तेच रुमाल, तीच ताटं. तुमच्या करंज्या आमच्यापेक्षा चांगल्या असायच्या, कारण आमची आई सारणात खसखस घालण्यात कंजूषी करायची. २३ तारखेला रात्री कॅरलवाले यायचे, ढोलकी, झांजा आणि कंदील घेऊन. आमच्या ओटीवर एक गाणं ठरलेलं. आजोबा कीर्तनाचे शौकीन, तुमच्या लोकांना म्हणायचे, 'चाल आमची, देव तुमचा, होऊ दे.' मग पाच रुपये द्यायचे.

एक विचारायचं राहिलंच आयुष्यभर: तुमच्यात मूर्ती नाहीत, आणि कोर्लई-रेवदंड्याच्या लोकांच्या चर्चात असतात, असं का?

जांभाचिरा (सोमवार, रात्री ९:२०)

शेवग्याची शेंग, खसखशीचं मावशीला वाचून दाखवलं. खूश आहे. ती विचारतेय, तुम्ही पेठेतल्या म्हणजे 'त्या गिरणीच्या वरच्या' का?

कोर्लईचे लोक कॅथलिक, पोर्तुगीज काळापासूनचे. त्यांच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली वेगळीच बोली बोलतात. आम्ही प्रोटेस्टंट, त्यातही मेथडिस्ट. 'मास'ला जात नाही, उपासनेला जातो. फादर नाहीत, पाळक, आणि त्यांना बायकामुलं असतात. मेथडिस्ट हे नावही मुळात टिंगलीचं. ऑक्सफर्डात जॉन वेस्ली आणि त्यांचा भाऊ चार्ल्स यांची मित्रमंडळी घड्याळ लावल्यासारखी प्रार्थना, उपास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी वगैरे करायची, म्हणून बाकीची पोरं चिडवायची, 'हे बघा पद्धतवाले'. तेच नाव राहिलं.

आमच्याकडे प्रभुभोजनाचा द्राक्षरसही बिनमद्याचा. मावशी शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालते, पहाटे उकळून पंचातून गाळते आणि औषधाच्या पेल्याएवढ्या छोट्या काचेच्या पेल्यांत ओतते. वादळानंतरच्या एका रविवारी दुकानं बंद, मनुका नाहीत, तर तिने अमृतकोकम पातळ करून ठेवलं होतं. पाळकसाहेबांनी पहिला घोट घेतला, थांबले, आणि पुढे वाचत राहिले. रंग हुबेहूब होता म्हणा.

ख.म., तांदळाचं निघालंच आहे तर ऐका. आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपाशेजारी एक पत्र्याचा डबा असायचा, अजून आहे. दोन वेळा भात रांधायला तांदूळ मोजले की त्यातली एक मूठ डब्यात. 'मुठीचा डबा'. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्या बायका डबे घेऊन यायच्या आणि ते तांदूळ मास्तरांच्या आणि पाळकांच्या घरी जायचे. आजी सांगायची, तिच्या लहानपणी मास्तरांचा अर्धा पगार याच डब्यांतून निघायचा. आमच्या लोकांकडे तेव्हा स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती. पेठेतल्या विहिरीवर पाणी भरायची सोय नव्हती. मूठ काढली तीही मजुरीच्या तांदळातून. तांदूळ वाटल्याची गोष्ट मी खूप ऐकलीय. आमच्या घरात मात्र तो उलट्या दिशेने गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

बाणकोट लाँच, तुमचा प्रश्न डोक्यात बसलाय. उद्या मावशी वहीचे फोटो पाठवणार आहे.

तळटीप (सोमवार, रात्री १०:०२)

मुठीच्या डब्यावरून एक. वेस्लींच्या लोकांनी १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायला अशीच युक्ती काढली. सभासदांचे बारा-बारांचे गट, दर गटाला एक पुढारी, त्याने घरोघर जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करायची. पेनीच्या निमित्ताने विचारपूस होऊ लागली, आणि त्यातून मेथडिस्टांच्या 'वर्गां'ची पद्धत रुजली. पाळक महिन्यातून एकदा घोड्यावरून आला तरी चाले, कारण रोजचा कारभार या साध्या माणसांकडे. टेलर यांचाही मुंबईत हाच आग्रह होता. अमेरिकेचा पैसा नको, मंडळीने आपला खर्च आपण उचलावा, आणि जमायचे ते लोकांच्या घरांत.

पेटीमास्तर (सोमवार, रात्री ११:३०)

चालीवरून आठवलं. शेवग्याची शेंग यांच्या आजोबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमच्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात दोन प्रकार सुखाने नांदतात. एक विलायती चालींवर बसवलेली, ज्यांत मराठी शब्द जरा अवघडून उभे असतात, लग्नात सूट घातलेल्या मामांसारखे. दुसरी अभंग, ओव्या, पदं. दुसऱ्यांत मोठा वाटा रेव्हरंड ना. वा. टिळकांचा, आणि ते तुमच्या कोकणातलेच, दापोलीजवळच्या करजगावचे, जन्म १८६१. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी साहेबाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंनी ते सगळं कसं सोसलं ते मराठीत सगळ्यांना ठाऊक आहे.

मी दर रविवारी पायपेटी वाजवतो (कल्याणकडच्या एका मंडळीत, गावी नाही). माझा अनुभव सांगतो. विलायती चालीला तरुण पोरं मोठ्याने गातात, म्हातारे ओठ हलवतात. अभंग सुरू झाला की उलटं. आणि मयतीला कुणीही विलायती चाल मागत नाही.

वळणदार (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

मोडी वाचते मी. फोटो टाका, पण सरळ वरून काढा, तिरका नको, आणि फ्लॅश बंद.

जांभाचिरा (मंगळवार, रात्री ८:३०)

तीन पानं टाकलीयत. पहिली सोळा पानं गेलीच आहेत, नुसता भुसा. मावशीने वही तांदळाच्या चाळणीवर ठेवून झटकली, ते पाहून माझा जीव वर-खाली.

वळणदार (मंगळवार, रात्री ११:५५)

मावशींना सांगा, झटकू नका! टाचणी, चिकटपट्टी, डांबरगोळी काही लावू नका. पान-पान वेगळं करून मध्ये साधा कोरा कागद घाला आणि कोरड्या जागी आडवी ठेवा.

आता वाचन. १७ वी नोंद बरीचशी लागली. अक्षर सराईत आहे, एखाद्या जुन्या कारकुनाचं. मुलाचं नाव आणि आईबापांची नावं मी इथे लिहीत नाही, ती व्यक्तिगत निरोपात पाठवली, तुमच्या घरच्यांनी ठरवावं. बाकी असं: 'जात' हा रकाना आखलेला आहे आणि त्यात आडवी रेघ मारलीय. फक्त याच नोंदीत नाही, तिन्ही पानांवर, प्रत्येक नोंदीत. 'धंदा'पुढे 'खलाशीजी' आणि पुढे दोन अक्षरं जी मला लागत नाहीत. साल: 'सन १८' आणि मग वाळवीचं भोक. महिना मार्च.

खलाशाला 'जी' कोण लावतं, म्हणून अडलेय.

बाणकोट लाँच (बुधवार, सकाळी ८:१५)

खलाशी म्हणजे गलबतावरचा, किंवा आगबोटीवरचा. किनाऱ्यावरचं गाव, त्यात काय नवल. बोटीवर भेटला असेल कुणी पाद्री.

तळटीप (बुधवार, सकाळी ९:००)

'१८' वर विसंबू नका. शके असेल तर १८०० ते १८९९ म्हणजे इसवी सन १८७८ ते १९७७. त्यात काहीही बसेल.

वळणदार (बुधवार, सकाळी ९:२०)

'सन' स्वच्छ आहे, 'शके' नाही. आणि शके लिहिणारा मार्च लिहीत नाही, फाल्गुन-चैत्र लिहितो. इसवी सनच.

वळणदार (बुधवार, दुपारी १२:३५)

लागलं!! जेवायला बसले होते, ताट तसंच ठेवून आले.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द तोडत नाहीत. 'खलाशीजी' हा एक शब्द नाहीच. 'खलाशी' वेगळं, आणि पुढे 'जी ऐ पी'. जी. आय. पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला! रेल्वेचा खलाशी. आणि खालच्या ओळीत मी 'इगत' वाचून सोडून दिलं होतं, ते 'हल्ली मुक्काम इगतपुरी, रजेवर'.

कौलारू (बुधवार, दुपारी १२:५०)

अंगावर काटा. रेल्वेत अजूनही खलाशी ही हुद्द्याची पायरी म्हणून लोकांच्या तोंडी आहे. वर्कशॉपमध्ये, शेडमध्ये वजन उचलणारा, हातोडा मारणारा माणूस. समुद्राचा काही संबंध नाही.

बाणकोट लाँच (बुधवार, दुपारी १:१०)

माझे शब्द मागे घेतो. आणि कोडंही सुटलं की हो! इगतपुरी, लोणावळा, कल्याण, जिथे जी.आय.पी.च्या वसाहती तिथे मेथडिस्ट. टेलर यांच्या सुरुवातीच्या मंडळींत रेल्वेतले अँग्लो-इंडियन बरेच होते. त्यांच्या बंगल्यांत प्रार्थना, आणि ओसरीवर ऐकायला त्यांच्याच शेडमधले आपले लोक. त्यातला एक रजेवर गावी आला. साहेब आलाच नाही तुमच्या गावात. आपलाच माणूस घेऊन आला, ट्रंकेतून.

जांभाचिरा (बुधवार, रात्री ११:१०)

ऑफिसातून लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचत आलो, दिवा पुढे गेलं तेव्हा कळलं. डोंबिवली मागेच राहिली होती.

वळणदार, तुम्ही निरोपात पाठवलेलं नाव मावशीला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, 'तो इगतपुरीवाला आजा.' आमच्या घरात 'इगतपुरीवाला' ही शिवी आहे! कुणी हट्टाला पेटलं की आजी म्हणायची, 'आला मोठा इगतपुरीवाला.' का म्हणतात ते कुणालाच माहीत नव्हतं. मावशीला तिच्या आजीने सांगितलेलं एवढं आठवतं की तो माणूस रजेवर यायचा तेव्हा रात्री अंगणात कंदील लावून वाचून दाखवायचा, आणि पेठेतून जाताना डोक्यावरची रेल्वेची टोपी काढायचा नाही म्हणून एकदा मार खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी टोपी घालून परत त्याच रस्त्याने गेला.

जातीच्या रकान्यातल्या रेघेबद्दल मी काही लिहू शकत नाही आज. फोटो मोठा करून चारदा पाहिला. प्रत्येक नोंदीत शाईचा जोर तेवढाच आहे.

दफनाची वही वेगळी आहे, ती देवनागरीत आहे आणि मला वाचता आली. तिच्यात १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला येणारी 'रामदास' बोट बुडाली तेव्हाच्या दोन नोंदी आहेत. एका नोंदीपुढे कबरीचा क्रमांक आहे. दुसरीपुढे क्रमांकाच्या जागी 'मिळाला नाही' असं लिहिलंय.

शेवग्याची शेंग (गुरुवार, सकाळी १०:४०)

त्या पेठेतली मी. आमच्यापैकीच कुणी मारलं असणार त्यांना. एवढंच लिहिते.

खडा मसाला (गुरुवार, सकाळी ११:१५)

तो डबा अजून आहे म्हणालात. फोटो टाका जमलं तर.

तळटीप (गुरुवार, दुपारी ४:००)

तर हिशोब असा. मुंबईत मेथडिस्ट मंडळी १८७२ मध्ये. तुमच्या वहीतली १७ वी नोंद १९०० च्या आत. म्हणजे मंडळी या दरम्यानची. इमारत कदाचित नंतरची, कौलांवरून महायुद्धाच्या आधीची, पण कौलारू यांची शंका उरतेच. पाटीवर साल घालू नये असे माझे मत.

पेटीमास्तर (गुरुवार, रात्री ९:१०)

वर्धापनदिन नाही तर नाही, ३१ ला वॉच नाईट आहेच. ती तर अस्सल मेथडिस्ट. वेस्लींच्या काळी ती ३१ डिसेंबरपुरती नव्हती. पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी रात्र जागवायचे, म्हणजे खाणीतल्या मजुरांना परत घरी जाताना उजेड मिळेल. तुमच्या खाडीवर तर चांदणं फुकट.

जांभाचिरा (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:३०)

धागा वर काढतोय. परवा गावी जाऊन आलो, हंगामाचा सण होता.

भात झोडून झालं की आमच्यात पहिलं पीक देवापुढे आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. यंदा वेदीपुढे तांदळाच्या सात गोणी, नारळ, सुपारी, सुक्या बोंबलांच्या माळा, दोन कोंबड्या आणि एका म्हातारीने आणलेलं एक अंडं. अंड्याचा लिलाव नेहमी शेवटी. पहिल्याने शंभराला घेतलं आणि परत वेदीवर ठेवलं, दुसऱ्याने दीडशेला घेतलं, परत ठेवलं, असं फिरत फिरत साडेनऊशे झाले. मग ते एका मुंबईकराच्या हातून पडलं. त्याच्याकडून दोनशे दंड. कौलारू, छपराच्या डाव्या पाखीसाठी पैसे त्यातूनच जमतायत, आणि पत्रे काढून परत कौलंच घालायची असं ठरलंय. भाव निरोपात पाठवा.

उपासनेनंतर कमिटी बसली. मी तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते (खडा मसाला यांचे पहिले सोडून). खजिनदार म्हणाले, कौल खोटं बोलतं का? पाळकसाहेब म्हणाले, कौल खरंच बोलतं, पण स्वतःच्या कारखान्याबद्दल. तिथे विषय मिटला. बिशपसाहेबांचं आमंत्रण रद्द. मावशीने मागणी केली की पाटीवर इगतपुरीवाल्याचं नाव घाला. ती फेटाळली गेली, कारण मग प्रत्येक घराचा कुणी ना कुणी आजा निघेल. मावशी चिडून प्रभुभोजनाच्या मनुका यापुढे दुसऱ्या कुणीतरी उकळाव्या असं जाहीर करून आली. आठवडाभरात निवळेल.

पाटी मात्र रंगाऱ्याने आधीच रंगवून टाकली होती. आता 'स्थापना १८६५' वर पांढरा हात मारलाय आणि तिथे उपासनेची वेळ लिहिलीय, सकाळी ९:३०. परवा अवकाळी सर आली, पाटी भिजली, आणि साडेनऊच्या खालून १८६५ स्पष्ट दिसत होतं.

मुठीच्या डब्याचा फोटो खाली टाकलाय. झाकण मूळचं नाही.

वळणदार (रविवार, रात्री १०:५२)

बाकीची पानं स्कॅन करायला डिसेंबरात येऊ का? राहायची सोय होईल?

शेवग्याची शेंग (रविवार, रात्री ११:०५)

माझ्याकडे राहा, पेठेत, घर रिकामंच असतं. मी २२ ला पोचते. आणि जांभाचिरा, कॅरल संपल्यावर तुमची पोरं बंदरावर पोपटी लावतात ना अजून? मडकं, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला तुम्ही बघा, अंडी माझ्याकडून. न पडता आणीन.